परसबागेतील ठिबकसिंचनाचे दोषनिदान : चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

ठिबकसिंचनाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने मोठ्या शेतीच्या अनुषंगाने झाला. ऊस, केळी, संत्रे, कापूस ही त्याची पिके. पंपाचा दाब, वाळूची गाळणी आणि खताची टाकी ही त्याची सामग्री. घरामागच्या अर्ध्या-एक गुंठ्याच्या बागेत हीच पद्धती आली, तेव्हा ती मोठ्या रचनेची लहान प्रतिकृती आहे असे धरून चालण्याचा प्रघात पडला. वास्तविक ती तशी नाही. शेतात दाब पंपापासून मिळतो, परसात तो टाकीच्या उंचीपासून मिळतो. शेतात एका तोटीचा दोष शेकडो तोट्यांत मिसळून जातो, परसात प्रत्येक तोटीपाशी एक रोप उभे असते. म्हणून परसबागेतील ठिबकाच्या दोषांचे निदान हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत या विषयास विशेष महत्त्व आहे. झाडीपट्टीत घरामागच्या या जागेस सांदवाडी म्हणतात. हिवाळ्यात वाल, वांगी, टोमॅटो, सांभार. उन्हाळ्यात भेंडी, चवळी, कारली, दोडकी. आणि बाराही महिने कडेला शेवगा, पपई, गोडलिंब, असा या वाडीचा सर्वसाधारण संसार असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचा व त्यामागोमाग तेंदूपाने तोडण्याचा हंगाम येतो आणि घरची माणसे पहाटेपासून जंगलात असतात. याच दिवसांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते व विहिरींची पातळी खालावते. पाण्याची गरज सर्वाधिक आणि पाणी घालणारे हात दूर, अशा या काळात ठिबक खरे उपयोगी पडते. परंतु त्याच काळात त्यातील बिघाड सर्वाधिक घातकही ठरतो. कारण हा बिघाड निःशब्द असतो. पाट फुटला तर दिसतो, बादली रिकामी असली तर कळते. तोटी बुजली तर ते रोपाने मान टाकल्यावरच ध्यानात येते.

या लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : सुकलेले रोप हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्या एका लक्षणामागे अपुरा दाब, गाळ, शेवाळ, लोह, चुना आणि मातीचा गुणधर्म अशी भिन्न कारणे संभवतात. आणि एका कारणावरील उपाय दुसऱ्या कारणास पोषक ठरू शकतो. यास्तव उपायापूर्वी निदान आणि निदानापूर्वी मोजणी, हा क्रम मोडता कामा नये.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. जिला व्यवहारात ड्रिपर म्हणतात तिला येथे तोटी म्हटले आहे. ज्या काळ्या नळीवर तोट्या बसवतात तिला प्रचलित असा लॅटरल हाच शब्द योजला आहे. आणि लॅटरलांना पाणी पुरवणाऱ्या जाड नळीस मुख्य नळी म्हटले आहे.

२. दाबाचे गणित

शिवपिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रास आपल्याकडे गळती म्हणतात. पात्र भरलेले असता थेंब भरभर पडतात आणि ते रिते होत आले की संथ होतात. परसबागेतील ठिबकाचे मूलतत्त्व हेच आहे. तोटीतून बाहेर पडणारे पाणी हे तिच्यावरील पाण्याच्या उंचीवर, म्हणजे दाबावर, अवलंबून असते. सामान्य तोट्यांच्या बाबतीत हा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, असे मानण्यास हरकत नाही.

बाजारात मिळणारी तोटी ‘ताशी ४ लिटर’ अशा नावाने ओळखली जाते. परंतु हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम दाबासाठी, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्यासाठी दिलेला असतो. परसातील टाकी अडीच मीटरच्या चौथऱ्यावर असेल, तर उपलब्ध दाब दशमांशाच्या अडीचपट, म्हणजे एक-चतुर्थांश असतो. त्याचे वर्गमूळ एक-द्वितीयांश. म्हणून तीच तोटी ताशी २ लिटर देते. ती बुजलेली नसते, सदोषही नसते. तिच्याकडून अपेक्षाच चुकीची केलेली असते. ठिबकाविषयीच्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी या एवढ्या हिशेबाने निकालात निघतात.

कमी दाबाचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. समजा, बागेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा अर्धा मीटर उंच आहे. १० मीटर दाबाच्या रचनेत त्या भागातील तोट्यांचा प्रवाह जेमतेम अडीच टक्क्यांनी घटेल. अडीच मीटर दाबाच्या रचनेत मात्र तो सुमारे ११ टक्क्यांनी घटेल. गाळणीचेही असेच आहे. घाण साचलेल्या गाळणीने एक मीटर दाब खाल्ला, तर पहिल्या रचनेत ५ टक्क्यांची आणि दुसरीत २२ टक्क्यांहून अधिक तूट येते. पंपाच्या दाबावर जे दोष खपून जातात ते टाकीच्या दाबावर उघडे पडतात, हा या गणिताचा निष्कर्ष आहे. त्यावरून दोन व्यावहारिक नियम निघतात : लॅटरल शक्यतो समपातळीवर, उताराला आडवी टाकावी, आणि गाळणी आठवड्यातून एकदा तरी धुवावी.

दाब कमी-जास्त झाला तरी सारखाच प्रवाह देणाऱ्या दाबनियंत्रक तोट्याही मिळतात. महाग म्हणून त्या उत्तम, अशी समजूत आहे. परंतु त्यांच्यातील रबरी पडदा नीट काम करू लागण्यास साधारणतः ५ मीटर किंवा अधिक दाब लागतो. अडीच मीटरच्या टाकीवर त्या बसवल्यास काही वाहतात, काही वाहत नाहीत, आणि मालक त्या बुजल्या असे समजून पाण्यात औषधे घालू लागतो. अशा रचनेत साध्या तोट्याच योग्य होत.

३. मोजणी

निदानाचा आरंभ मोजणीपासून होतो. त्यास लागणारी साधने म्हणजे एक मोजपात्र, काही उथळ वाट्या व एक घड्याळ. तोटीखाली वाटी ठेवून ६ मिनिटे पाणी जमवावे. ६ मिनिटे हा तासाचा दहावा भाग असल्याने जमलेल्या पाण्याची दसपट हा ताशी प्रवाह होय. २०० मिलिलिटर जमले तर प्रवाह ताशी २ लिटर. चार लॅटरल निवडून प्रत्येकीवरील पहिली, एक-तृतीयांश अंतरावरची, दोन-तृतीयांश अंतरावरची आणि शेवटची अशा एकूण १६ तोट्या मोजाव्यात. केलर व कार्मेली यांनी १९७४ मध्ये सुचवलेली ही पद्धती आजही प्रमाण मानली जाते.

या १६ मापांपैकी सर्वांत कमी अशा चार मापांच्या सरासरीस एकूण सरासरीने भागले आणि १०० ने गुणले, म्हणजे वाटपाची समता टक्क्यांत मिळते. ती ९० च्या वर असल्यास उत्तम, ८० ते ९० चांगली, ७० ते ८० बरी आणि ७० च्या खाली असमाधानकारक समजतात. नुसती सरासरी फसवी असते. समजा, १२ तोट्यांनी प्रत्येकी २०० मिलिलिटर आणि ४ तोट्यांनी प्रत्येकी ८० मिलिलिटर पाणी दिले. एकूण सरासरी १७० येते, म्हणजे अपेक्षेच्या ८५ टक्के. ही ऐकण्यास बरी वाटते. परंतु समता ८० भागिले १७०, म्हणजे ४७ टक्केच भरते. बागेतील दर चार रोपांपैकी एक रोप उपाशी आहे, ही गोष्ट सरासरीने झाकली आणि समतेने उघड केली.

मोजणीच्या वेळी टाकीतील पाण्याची पातळी नोंदवणे अगत्याचे आहे. टाकीत एक मीटर पाणी असून तळ अडीच मीटरवर असेल, तर टाकी भरलेली असतानाचा प्रवाह आणि ती रिकामी होतानाचा प्रवाह यांत सुमारे १५ टक्क्यांचा फरक पडतो. ज्या मापांची तुलना करावयाची ती एकाच पातळीला घेतलेली असावीत.

४. दोषाचे स्थान हेच पहिले प्रमाण

मापे हाती आल्यावर ती बागेच्या नकाशावर लिहावीत. कमी प्रवाहाच्या तोट्या कोठे आहेत, यावरून कारणाचा बराचसा उलगडा होतो.

(अ) सर्वच तोट्या सारख्या प्रमाणात मंद असतील, तर दोष तोट्यांत नाही. तो टाकी, झडप किंवा गाळणी यांत आहे. गाळणी काढून क्षणभर पाणी सोडल्यास प्रवाह वाढतो की नाही, हे पाहावे. वाढला, तर दुसरीकडे शोधण्याचे कारण नाही.

(आ) एकच लॅटरल मंद असेल, तर तिचा मुख्य नळीशी असलेला जोड पाहावा. उन्हाने मऊ झालेली नळी वळणावर दुमडते. छिद्र पाडताना आत राहिलेला प्लॅस्टिकचा तुकडाही वाट अडवतो.

(इ) लॅटरलच्या सुरुवातीच्या तोट्या चांगल्या आणि शेवटच्या मंद असतील, तर शेवटाशी साचलेला गाळ अथवा बुळबुळीत थर हे कारण संभवते. मध्येच नळी फुटली असली तरी हेच चित्र दिसते. उन्हाळ्यात उंदीर व खारी पाण्यासाठी नळ्या कुरतडतात. म्हणून तेथील माती अधिक ओली आहे का, हे आधी पाहावे.

(ई) उंचावरच्या तोट्या मंद व सखल भागातल्या जलद असतील, तर तो पातळीचा प्रश्न आहे; त्यावर रासायनिक उपाय नाही.

(उ) मंद तोट्या कोठेही, विखुरलेल्या आढळल्या, तर मात्र तोटीच्या आत काही जमले आहे असे समजावे. याच प्रकारात पाण्याच्या प्रतीचा विचार करावा लागतो.

बंद केल्यानंतर लगेच बुजणाऱ्या तोट्यांचा एक विशेष प्रकार आहे. झडप बंद होताच सखल भागातील तोट्यांतून पाणी निघून जाते व उंच भागातील नळीत पोकळी निर्माण होते. ती पोकळी तोटीतून चिखलाचे पाणी आत ओढते. मातीत पुरलेल्या किंवा चिखलात टेकलेल्या तोट्या यामुळे बुजतात. सर्वांत उंच ठिकाणी हवा आत घेणारी लहान झडप बसवणे आणि तोट्या जमिनीपासून किंचित वर ठेवणे, हा यावरील उपाय होय.

५. या प्रदेशातील पाणी

विखुरलेल्या दोषांचा विचार करण्यापूर्वी पाणी कोठून येते हे पाहिले पाहिजे. या दोन जिल्ह्यांत त्याचे तीन प्रमुख स्रोत आहेत : तलाव व बोड्या, विहिरी आणि बोअर.

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी या भागांत जुन्या तलावांची दाट वस्ती आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून हे तलाव शासनाकडे आले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. धानासाठी बांधलेल्या या तलावांच्या पाण्यात गाळ, शेवाळ आणि झाडपाल्याचा कुजवा असतो. पावसाळ्यात गाळ अधिक, उन्हाळ्यात पाणी उथळ व कोमट झाल्यामुळे शेवाळ अधिक.

भूजलाचे स्वरूप खडकावर अवलंबून असते. राजुरा-कोरपना या बाजूस चुनखडी आहे, म्हणूनच तेथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. अशा खडकातील पाणी जड असते. वरोड्याकडे दख्खनचा काळा कातळ आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या थरांबरोबर वालुकाश्म आहे, तर गडचिरोली जिल्ह्याचा बराच भाग अतिप्राचीन पट्टिताश्मावर वसलेला आहे. लोहारा व सुरजागड येथील लोहखनिज सर्वश्रुत आहे. परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. खडकात लोह आहे म्हणून पाण्यात ते असेलच असे नाही. प्राणवायूरहित अशा खोल पाण्यातच ते मोठ्या प्रमाणात विरघळलेले राहते. एकाच गावातील उघडी विहीर निर्दोष व बोअर लोहयुक्त, असे म्हणूनच घडू शकते. निदान गावाच्या नावावरून करू नये, पाण्याच्या परीक्षेवरून करावे.

बक्स, नाकायामा व गिल्बर्ट यांनी १९७९ मध्ये ठिबकासाठी पाण्याचे जे वर्गीकरण केले, ते अशा परीक्षेस आधारभूत आहे. दर लिटरला लोह ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास तोट्या बुजण्याचा धोका अल्प, १.५ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तरंगते कण ५० मिलिग्रॅमपर्यंत अल्प, १०० पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. सामू ७ पेक्षा कमी असता धोका अल्प, ८ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. लोहाचा आकडा किती लहान आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. जिभेला न जाणवणारे लोह तोटीला जाणवते. पिण्यास चालणारे पाणी ठिबकास चालेलच असे म्हणता येत नाही.

६. बुजण्याची कारणे आणि त्यांवरील उपाय

बुजलेली एक तोटी उघडून किंवा कापून आत काय आहे ते पाहावे. रंग, स्पर्श आणि लिंबाच्या रसाचा एक थेंब एवढ्यावर बहुतेक निदान होते.

गाळ : आतील थर मातकट असून बोटांत चोळल्यास सुटा होतो, लिंबाच्या रसाने त्यावर काही परिणाम होत नाही. साधी जाळीची गाळणी सुमारे १३० मायक्रॉनचे छिद्र राखते; चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. म्हणून गाळणीने चिकणमाती अडणार नाही. ती टाकीत निवळू द्यावी लागते आणि लॅटरलमध्ये गेलेली धुऊन काढावी लागते. धुण्यासाठी नळीत सेकंदाला किमान ३० सेंटिमीटर वेग हवा. १६ मिलिमीटर लॅटरलच्या टोकातून मिनिटाला सुमारे ३ लिटर पाणी पडले, म्हणजे तो वेग मिळाला असे समजावे. सर्व टोके एकदम उघडल्यास टाकीच्या दाबावर हा वेग येत नाही. यास्तव एकेक टोक उघडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे.

शेवाळ व बुळबुळीत थर : हा थर हिरवट किंवा राखी असून त्यास कुबट वास येतो. शेवाळास प्रकाश लागतो; काळ्या लॅटरलमध्ये ते वाढत नाही, तेथे केवळ त्याचे तुकडे अडकतात व त्यांवर जिवाणू पोसले जातात. वाढीचे खरे स्थान उघडी किंवा प्रकाश आत येऊ देणारी टाकी हे आहे. टाकी झाकणे व काळी करणे हा मूळ उपाय; क्लोरीन हा दुय्यम. १००० लिटर पाण्यात दर लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन देण्यासाठी १० ग्रॅम क्लोरीन लागते. ब्लीचिंग पावडरमध्ये उपयुक्त क्लोरीन २५ टक्के धरल्यास सुमारे ४० ग्रॅम पावडर पुरते. ही पावडर थेट टाकीत टाकू नये. तिच्यात चुना असतो. बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचे स्वच्छ पाणीच घ्यावे. अन्यथा शेवाळ काढण्याच्या उपायाने चुन्याचा दोष पदरात पडतो. ते पाणी नळ्यांत अर्धा ते एक तास ठेवून मग टोके उघडून धुवावे. हा उपाय टाकीपुरताच करावा. तलावात किंवा बोडीत करू नये, कारण तेथे मासे असतात.

लोह : थर तांबूस-तपकिरी, बहुधा बुळबुळीत असतो. याची परीक्षा सोपी आहे. बोअरचे ताजे पाणी पांढऱ्या भांड्यात रात्रभर ठेवावे. उपसताना नितळ असलेले पाणी सकाळी गढूळ तांबूस झाले, तर त्यात विरघळलेले लोह आहे. पृष्ठभागावर तेलासारखी चकाकी दिसल्यास ती काडीने हलवावी. तेल असेल तर पुन्हा एकत्र येते, लोहजिवाणूंचा पापुद्रा असेल तर त्याचे तुकडे होतात. हवेतील प्राणवायूशी संयोग होताच विरघळलेले लोह अविद्राव्य होते, हे या दोषाचे कारण आणि हाच त्यावरील उपाय. हा संयोग तोटीत होऊ न देता टाकीत घडवून आणावा. पाणी टाकीत उंचावरून, अनेक धारांनी पडू द्यावे. रात्रभर निवळू द्यावे. आणि बागेकडे जाणारी नळी तळापासून १५ ते २० सेंटिमीटर वर बसवावी. तळाचा गाळ वेळोवेळी काढून टाकावा.

उपाय दोषास कसा पोषक ठरतो, याचे ठळक उदाहरण येथेच मिळते. क्लोरीन हेही लोहाला अविद्राव्य करते. लोहयुक्त पाणी निवळू न देता त्यात क्लोरीन घालून ते लॅटरलमध्ये सोडले, तर जे लोह कदाचित विरघळलेल्या स्थितीत बाहेर पडले असते तेच नळीत व तोटीत बसते. क्लोरीन द्यावयाचेच तर टाकीत द्यावे आणि निवळल्यावर पाणी सोडावे. वनप्रदेशात आणखी एक अडचण संभवते. पाचोळा कुजून उतरलेली टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात व त्याचा हवेशी संयोग होऊ देत नाहीत. असे पाणी आधीपासूनच चहासारखे तपकिरी असते आणि रात्रभर ठेवूनही निवळत नाही. तेथे दुसरा स्रोत शोधणे किंवा बारीक तोट्यांऐवजी मोठ्या छिद्राच्या नळ्या वापरणे हेच श्रेयस्कर.

चुना : तोटीच्या तोंडाशी पांढरा, कठीण थर जमतो आणि लिंबाच्या रसाने तो फसफसतो. जड पाण्यातील बायकार्बोनेट उष्णतेने विघटित होऊन चुना सुटतो. मे महिन्याच्या उन्हात काळी नळी अतिशय तापते आणि तोंडाशी पाणी वाळते. त्यामुळे हा दोष उन्हाळ्यात बळावतो. लॅटरलवर धानाच्या तणसाचे आच्छादन घालणे आणि पाणी पहाटे किंवा रात्री सोडणे, हे प्रतिबंधक उपाय होत. बुजलेल्या तोट्या काढून रात्रभर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात भिजवाव्यात. तोट्या नळीतच बसवलेल्या असतील, तर टाकीतील थोड्या पाण्यात सायट्रिक आम्ल मिसळून, कागदी पट्टीवर सामू ४ च्या सुमारास आल्यावर ते लॅटरलमध्ये भरावे, काही तास ठेवावे आणि मग टोके उघडून धुवावे. टाचणी घालून तोंड मोकळे करण्याचा मोह टाळावा; छिद्र रुंदावते, आतील वळणाची वाट दुखावते आणि ती तोटी पुढे कायमची इतरांच्या वाट्याचे पाणी घेते.

एक इशारा येथे स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर यांचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे दोन उपाय एकाच दिवशी, एकाच भांड्यात किंवा मध्ये नळ्या धुतल्यावाचून कदापि करू नयेत. तसेच ठिबकाची टाकी पिण्याच्या पाण्यापासून पूर्णतः वेगळी असावी.

खते : युरिया सहज विरघळतो व सहसा त्रास देत नाही. फॉस्फेटयुक्त खते मात्र जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून अविद्राव्य साका बनवतात. ती ठिबकातून न देता मातीत द्यावीत. अलीकडे जीवामृत ठिबकातून देण्याचा प्रघात पडला आहे. शेण, गूळ व बेसन यांचे ते मिश्रण दाट कापडातून दोनदा गाळल्यावाचून नळीत जाऊ देऊ नये, आणि दिल्यावर लगेच स्वच्छ पाणी सोडावे. गुळामुळे जिवाणूंची वाढ होते. जमिनीत ती इष्ट असली तरी नळीत अनिष्टच.

७. तोटी निर्दोष, तरी रोप म्लान

वरील सर्व परीक्षांत उत्तीर्ण झालेली तोटीही रोपास जगवीलच असे नाही. बरडी किंवा सिहार अशा हलक्या जमिनीत पाणी सरळ खाली उतरते. ओलावा अरुंद राहतो आणि तोटीपासून वीतभर दूर असलेल्या मुळांना तो पोहोचत नाही. कन्हार या भारी जमिनीत पाणी आडवे पसरते, पण सावकाश मुरते. मोरांड या दोहोंच्या मधली. म्हणून हलक्या जमिनीत तोट्या जवळजवळ बसवून पाणी थोडे-थोडे, दिवसातून दोनदा द्यावे. भारी जमिनीत त्या दूर बसवून पाणी एकदाच, अधिक वेळ द्यावे. पाणी दिल्यानंतर दोन तासांनी खुरप्याने खणून ओलावा किती खोल व किती रुंद गेला ते पाहावे. अनुमानापेक्षा हे अधिक विश्वसनीय.

वेळेचा हिशेबही तपासावा. उन्हाळ्यात बागेची गरज दिवसाला ८ मिलिमीटर धरली, तर एक चौरस मीटर वाफ्यास ८ लिटर पाणी लागते. ताशी २ लिटर देणारी एक तोटी असल्यास चार तास. तिच्यावरील ‘४ लिटर’ हा आकडा वाचून दोनच तास पाणी सोडणारा मालक अर्ध्या पाण्यावर बाग ठेवतो आणि दोष तोटीला देतो.

८. उपसंहार

या विवेचनावरून नित्यक्रम असा ठरतो : आठवड्याला गाळणी, पंधरवड्याला लॅटरलची टोके, महिन्याला सोळा तोट्यांची मोजणी. मोहफुलांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीअखेर, संपूर्ण रचनेची एक तपासणी अवश्य करावी. कारण त्यानंतर दोष शोधण्यास घरात माणूस नसतो आणि रोपाला वाट पाहण्याची सवड नसते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या विषयात कामाला मोठा वाव आहे. एखाद्या तालुक्यातील बोडी, विहीर व बोअर या तिन्ही स्रोतांवर चालणाऱ्या परसबागा निवडून, त्यांच्या वाटपाची समता फेब्रुवारी ते जून अशी दरमहा मोजली आणि तिच्या जोडीला लोह, सामू व तरंगत्या कणांची नोंद ठेवली, तर कोणत्या पाण्यावर तोटी किती दिवस टिकते याचे उत्तर या प्रदेशापुरते तरी निश्चित देता येईल. त्यासाठी लागणारी साधने प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहेत. अशा नोंदींवरून गावोगावच्या कुटुंबांना तोट्या, गाळणी आणि टाकीची उंची यांविषयी जो सल्ला देता येईल, तो विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा निःसंशय अधिक उपयुक्त ठरेल.